लोलकाखालची जागा

कॉव्हेंट्रीत आमच्या गणपतीच्या जेवणाला कुणी नवीन कुटुंब आलं, की एक प्रश्न ठरलेला असे. नवरे बहुतेक डॉक्टर, त्यांना काही विचारावं लागत नसे. मग बायका माझ्याकडे वळत. "आणि तुम्ही काय करता?"

"स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे."

"अय्या, म्हणजे बिल्डिंगा बांधता?"

"नाही हो. बांधलेल्या पडत नाहीयेत ना, ते बघते."

यावर कुणीतरी माझ्या पानात आणखी मसालेभात वाढे.

आता निवृत्त झाल्यावर वाटतं, ते उत्तर इतकं काही चुकीचं नव्हतं. जुन्या इमारती, म्हणजे चर्च, गढ्या, गिरण्या, सरदारांचे वाडे, तपासायच्या आणि त्या उभ्या राहतील की नाही ते सांगायचं, हेच मी आयुष्यभर केलं. या कामाची गंमत अशी, की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. माझा नवरा श्रीनिवास इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. त्याचा पेशंट शुद्धीवर येऊन निदान "थँक यू" तरी म्हणे. माझी भिंत काल होती तिथेच आजही असे. तिने काय बोलावं?

गिऱ्हाइकंही नमुनेदार भेटली. एका खेड्यातल्या चर्चच्या मनोऱ्याला तडा गेला होता. तिथले पाद्री मला म्हणाले, "शनिवारी लग्न आहे. शनिवारपर्यंत ठीक आहे एवढं लिहून द्या, पुढचं देव बघेल." मी म्हटलं, "देवाला इन्शुरन्स लागत नाही, मला लागतो." लग्न शेवटी तंबूत लागलं. त्या दिवशी नेमका पाऊस कोसळला. नवरीच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरलेले नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी फार्महाउसच्या भिंतीतल्या भेगेवर नवऱ्याचा फोटो टांगला होता. मी फोटो बाजूला केला तर म्हणाल्या, "ती माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. नवरा गेला, ती आहे. तिला काही करू नका." त्यांचं बरोबर होतं. जुन्या भेगा बहुतेक निरुपद्रवीच असतात. घर एकदा बसतं, तडकतं, आणि मग त्याच तड्यासकट पिढ्यान्‌पिढ्या सुखाने उभं राहतं. अडचण एवढीच, की नवी भेग आणि जुनी भेग दिसायला सारखीच असते. त्यांतली कुठली कोणती, हे ओळखण्याची धास्ती म्हणजेच माझी नोकरी.

ही धास्ती मला सगळ्यात जास्त जाळून गेली ती एका ड्यूकच्या किल्ल्यात. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. किल्ल्याचं नाव मुद्दाम देत नाही. कॉव्हेंट्रीहून मोटारने तासाभरावर आहे, एवढं पुरे.

पुण्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की तटबंदी, बुरूज, पाण्याचं टाकं आठवतं. हा तसा नव्हता. चारशे वर्षांपूर्वी एका श्रीमंत घराण्याने तो बांधला. या घराण्याला पुढे ड्यूक हा किताब मिळाला. वर बुरजांसारखे कंगोरे होते, पण ते नुसते शोभेचे. लढाई करायची असती तर पुरुषभर उंचीच्या काचेच्या खिडक्या कुणी ठेवल्या नसत्या. त्या काळात इटलीतून एक नवी हवा आली होती. दर्शनी भाग अगदी सममित हवा, मधोमध दार, दाराच्या दोन्ही बाजूंना एकावर एक तीन मजल्यांचे खांब, आणि दर मजल्यावर वेगळ्या घडणीचे. मालक स्वतः कधी इटलीला गेला नव्हता, आणि त्याचे गवंडी तर जिल्ह्याबाहेरही गेले नसावेत. त्यांच्याकडे होती फक्त छापील चित्रं. चित्रं बघून घडवलेले ते खांब इथल्या शेतकऱ्यांसारखे जाडजूड, आखूड मानेचे झाले होते. दारावरचे सिंह तर उघड उघड मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांवरून बेतलेले! मला पहिल्याच दिवशी ती इमारत आवडली. आपणही परक्या ठिकाणची कला ऐकून-वाचून उचलतो आणि ती करताना आपल्याच मातीची करून टाकतो. इथल्या माझ्या पुरणपोळ्या खाल्लेल्या माणसाला हे सांगायला नको.

पुढे यादवी युद्ध झालं. सैनिकांनी छपरावरचं शिसं उपटून विकलं. दगडी इमारत मरायला लागते ती अशी, छपरापासून. पाणी आत शिरतं, तुळया कुजतात, भिंती एकट्या पडतात. एका बाजूच्या मोठ्या मनोऱ्याचं छप्पर तेवढं शाबूत राहिलं, कारण तिथे कारभाऱ्याचं कुटुंब राहत होतं. बाकीच्या भागात शेतकऱ्यांनी गवत भरलं, दगड काढून गोठे बांधले. विसाव्या शतकात एका ट्रस्टने हे अवशेष ताब्यात घेतले आणि डागडुजी सुरू केली. पैसे जमतील तसा एकेक भाग. आमची फर्म त्यात आली अगदी शेवटच्या टप्प्यात.

त्या मनोऱ्यात पहिल्या मजल्यावर मोठं दालन होतं, आणि त्या दालनाचं छत म्हणजे किल्ल्याचा प्राण. पांढऱ्या गिलाव्यात उठवलेल्या वेली, डाळिंबं, मासे, आणि त्यांतून खाली लोंबणारे लोलक. उलट्या कमळकळ्यांसारखे, एकेक हंड्याएवढे. मधला सगळ्यात मोठा. दोन माणसांच्या मिठीत मावणार नाही असा.

असं छत वर टिकतं कसं, ते सांगते. तुळयांना खालून लाकडी पट्ट्या ठोकतात, मध्ये बोटभर फटी ठेवून. त्यावर केस मिसळलेला ओला चुना खालून दाबतात. तो फटींतून वर चढतो, पट्टीवर वळतो आणि मुठीसारखा घट्ट बसतो. सगळं छत म्हणजे अशा हजारो चुन्याच्या मुठींनी धरलेलं ओझं. मोठ्या लोलकांना आतून ओकचा गाभा आणि वरच्या तुळईला बांधणारी पट्टी. जुन्या लोकांनी हे फार छान केलं होतं. मात्र मधला लोलक जुना नव्हता. तो कधीतरी कोसळला होता, आणि माझ्या आधीच्या पिढीतल्या डागडुजीत कुणीतरी त्याची हुबेहूब प्रतिकृती करून टांगली होती. जिप्समच्या प्लास्टरमध्ये, एका पोलादी सळईवर. चुन्यात लोखंड बरंच सुरक्षित राहतं. जिप्सम एकदा ओलं झालं, की आतलं लोखंड खायला लागतं.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्याकडे काम होतं वरच्या मजल्याचं. तिथे प्रदर्शन मांडायचं होतं आणि जमीन माणसांचं वजन पेलेल का, एवढंच मी बघायचं होतं. ती पेलत होती. माझी आकडेमोड झाली, नवीन फळ्या बसल्या, काचेची कपाटं आली. दालनातली परांची उतरली. आता संपूर्ण मनोरा लोकांसाठी उघडायला सुरक्षित आहे, असं एक शेवटचं पत्र आमच्या फर्मने द्यायचं होतं, आणि त्यावर सही माझी.

त्या पत्रासाठी म्हणून वसंतात एकदा सगळं नजरेखालून घालायला गेले. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन छताला लागलं होतं. मी सहज वर पाहिलं, आणि मधल्या लोलकाच्या मुळाशी मला एक गोल दिसला. चहाचा कप बशीत ठेवल्यावर उमटतो तसा, फिकट तपकिरी. त्याच्या कडेने केसासारखी एक रेघ.



मी दुर्बीण काढली. पक्षी बघायची साधी दुर्बीण असते ना, ती आमच्या धंद्यात फार उपयोगी पडते. पण दुर्बिणीतून रेघ नुसती मोठी दिसते. ती कालची आहे की तीस वर्षांपूर्वीची, ते दुर्बीण सांगत नाही. आधीच्या शरद ऋतूत काढलेला फोटो ऑफिसात होता. त्यात परांचीची सावली नेमकी तिथेच पडली होती.

मायकेल आमच्या लहानशा फर्मचा मालक. शांत, पाइप सोडलेला पण रिकामा पाइप तोंडात धरून बसणारा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मेधा, प्लास्टर सुकताना गोल तडा जातोच. डाग जुना असेल. वरून उघडून बघता येईल का?"

तीच अडचण होती. वरून बघायचं तर नव्या फळ्या उचकटायच्या, कपाटं हलवायची. संरक्षित वास्तू असल्यामुळे खिळासुद्धा काढायचा तर वारसा खात्याची परवानगी. खालून बघायचं तर पुन्हा परांची. या सगळ्याला आठवडे लागणार, आणि उद्‌घाटन तोंडावर.

"लक्ष ठेव," मायकेल म्हणाला.

मी लक्ष ठेवलं. इतकं, की त्याला वेड म्हणावं. सुट्टीच्या दिवशीही गाडी काढून तिकडे जाऊ लागले. दालनाच्या जमिनीवर उताणी पडून दुर्बिणीतून बघत बसायचे. लोलकाच्या बरोबर खाली काळ्या कार्डबोर्डचा एक तुकडा ठेवला. वरून काही गळलं तर पांढरे कण दिसतील म्हणून. पहिल्यांदा तो सफाईवाल्यांनी कचरा म्हणून टाकून दिला. दुसऱ्यांदा त्यावर चार-दोन पांढरे कण सापडले. मी ते बोटावर घेतले. पण त्याच दिवशी वरच्या मजल्यावर सुतार ठोकाठोक करत होते. कण ठोकण्याने पडले की आपोआप?

एकदा मी अशी उताणी पडलेली असताना फिओना आली. फिओना किल्ल्याची व्यवस्थापक. उंच, पांढऱ्या केसांची, नेहमी चिखलाचे बूट घातलेली. ट्रस्टकडे पैसे नव्हते तेव्हापासून ती इथे होती. पावसाळी दिवसांत तिनेच बादल्या ठेवून गळती झेलली होती.

"तू मेलीस असं वाटलं मला," ती म्हणाली.

"छत बघत होते."

"सुंदर आहे ना?"

मी "हो" म्हटलं. भीती सांगायची हिंमत झाली नाही. सांगणार काय? की मला एक डाग दिसतो आणि तो मला आवडत नाही?

उद्‌घाटनाआधी रंगीत तालीम म्हणून काही शाळांचे वर्ग बोलवायचं ठरलं होतं. त्यांतला पहिला वर्ग माझ्या मुलीचा होता. सई तेव्हा इयर सिक्समध्ये, प्रायमरीच्या शेवटच्या वर्षात. तिच्या टीचरला हा किल्ला सुचवला होता मीच, फार कौतुकाने, डागाच्या कितीतरी आधी. मुलं दालनात मधोमध बसणार, वर बघून छताचं चित्र काढणार, असा कार्यक्रम. मधोमध. म्हणजे नेमकी लोलकाखाली.

ट्रिप गुरुवारी होती. आदल्या रविवारी सकाळी मी सईचे युनिफॉर्मचे शर्ट इस्त्री करत होते आणि श्रीनिवास पेपर वाचत होता. मी तिसऱ्यांदा एकाच बाहीवरून इस्त्री फिरवल्यावर त्याने पेपर खाली ठेवला.

"पुन्हा तेच छत?"

"हो."

"पडेल असं वाटतं तुला?"

"माहीत नाही रे. कदाचित काहीच नसेल. मायकेलला तसंच वाटतंय."

त्याने पेपरची घडी घातली. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "मग असं करू. सईला पाठवू नकोस. ताप आलाय म्हणून शाळेला फोन करू."

इस्त्री हातात तशीच राहिली. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगते. हो, हे जमेल. ताप आला म्हणायचं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली, आणि ती मात्र जाईना.

"आणि बाकीची मुलं?" मी विचारलं.

"बाकीच्यांचं तू काय करणार? तुझ्याकडे प्रूफ आहे का?"

"नाही."

"मग?"

"अरे, पण माझी मुलगी मी तिथे बसवणार नसेन, तर त्या पत्रावर सही कुठल्या तोंडाने करू?"

उत्तर दारातून आलं. सई दूध-सिरियलचा बाउल घेऊन उभी होती. "मला फीवर नाही आलाय," ती म्हणाली. "आय ॲम फाइन. मी ट्रिपला जाणार."

सोमवारी सकाळी ऑफिसात गेले आणि कोटही न काढता मायकेलसमोर उभी राहिले. "मला ते दालन बंद करायचंय."

"नवीन काही दिसलं?"

"नाही."

"खात्री आहे तुझी?"

"नाही. पण काल मी माझ्या मुलीला आजारी पाडून घरी ठेवायचा विचार करत होते."

त्याने रिकामा पाइप तोंडातून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तर मग बंद कर. पण फोनवर नको. तू स्वतः जाऊन फिओनाला सांग. तिचा तेवढा हक्क आहे."

वाटेत दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबले.

फिओना दालनातच होती. मुलांसाठी गाद्या मांडत होती. लाल, निळ्या, पिवळ्या. मी सांगितलं. ती गादी हातात धरूनच ऐकत राहिली.

"ट्रस्टची सगळी माणसं येणारेत पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "वरच्या प्रत्येक खोलीची वाट या दालनातून जाते. हे बंद म्हणजे मनोरा बंद. तुला कळतंय ना हे?"

"हो."

"आणि कशासाठी? एका डागासाठी?"

"हो."

"गुरुवारच्या वर्गात तुझी मुलगी आहे. म्हणून हे चाललंय का?"

तिला लागेल असं काही बोलायचं नव्हतं मला, पण खोटंही बोलता येईना. "हो," मी म्हटलं. "ती आहे म्हणूनच मला नीट दिसलं. ती नसती तर मी कदाचित सही करून मोकळी झाले असते."

फिओनाने गादी खाली टाकली आणि वर पाहिलं. मग एकेक करून सगळ्या गाद्या उचलून भिंतीशी लावल्या. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "राहू दे. मी करते." बाहेर पडताना तिने दाराला दोरी बांधली. त्या गाठीला तिने किती जोर लावला, ते मी बघितलं.

शाळेची ट्रिप रद्द झाली. शाळेचं वर्ष संपत आल्यामुळे दुसरी तारीख मिळाली नाही. मुलांना त्याऐवजी शाळेच्याच मैदानावर नेऊन राउंडर्स हा बॅट-बॉलचा खेळ खेळायला लावलं. सई घरी आली ती दप्तर फेकूनच.

"सगळे म्हणतात माझी आईनी ट्रिप कॅन्सल केला! काय पडला तिथे? सांग ना, काय पडला?"

"काही पडलं नाही, सई."

"सो व्हाय?"

"पडू नये म्हणून."

"दॅट्स नॉट इव्हन अ रीझन!" म्हणून ती जिना चढून गेली, आणि तिच्या खोलीचं दार आपटल्याचा आवाज घरभर झाला. अकरा वर्षांच्या मुलीला कळेल असं दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं. मोठ्या माणसांसाठीही नव्हतं.

मग परवानगीची वाट बघण्याचे आठवडे आले. उद्‌घाटन पुढे ढकललं गेलं. ट्रस्टकडून मायकेलला रोज फोन. फर्ममधले तरुण इंजिनिअर माझ्याशी जरा जास्तच सभ्यपणे वागू लागले. आणि माझ्या मनात एक विचित्र गोष्ट सुरू झाली, जी मी तेव्हा श्रीनिवासलासुद्धा सांगितली नाही. ते छत खराब निघावं, असं मला वाटायला लागलं होतं. रोज सकाळी चहा ओतताना मनात यायचं, सळई गंजलेली असू दे. ज्या वास्तूवर मी जीव लावला, ती आतून सडलेली निघावी म्हणून मी देवाला आळवत होते. भीती माणसाला काय काय मागायला लावते!

परवानगी आली. दालनात परांची चढली, लोलकाला खालून टेकू दिले, आणि केन आला. केन प्लास्टरचा कारागीर. जुन्या छतांवर काम करणारे इंग्लंडात मोजकेच उरले होते, त्यांतला एक. फार बोलत नसे. आधी आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. कपाटं हलवली, फळ्या काढल्या. मायकेल आला होता, फिओना दाराशी उभी होती. केनने टॉर्च मारला.

सळईचं वरचं टोक तुळईवर दिसत होतं. नट जागच्या जागी, त्यावर रंगही शाबूत. गंजाचा ठिपका नाही.

मायकेलने हळूच श्वास सोडला. फिओना माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. तो जास्त लागला. मला त्या उघड्या फळ्यांच्या खाली जाऊन लपावंसं वाटलं. इतक्या लोकांचे श्रम, इतक्या मुलांचा दिवस, आणि नट नवा कोरा.

"तुळई ओली आहे," केन म्हणाला.

तो पालथा पडून हात आत घालत होता. तुळईच्या कडेवर बोट फिरवून त्याने ते टॉर्चपुढे धरलं. ओलसर, काळं. भिंतीतली छपराची पन्हळ कुठेतरी झिरपत होती. पाणी भिंतीतून तुळईवर, आणि तुळईच्या खालच्या अंगाने सरकत नेमकं सळईपाशी येत होतं. नटाला न शिवता, सळई धरून, खाली प्लास्टरच्या आत.

केन आणि मी जिना उतरून परांचीवर चढलो. केनने लोलकाच्या मुळाशी, त्या तपकिरी गोलावर पटाशी लावली आणि अगदी हलक्या हाताने प्लास्टर कोरायला सुरुवात केली. तुकडे हातात झेलत होता. काही वेळाने तो थांबला आणि मला जवळ बोलावलं.

प्लास्टरच्या आत सळई होती असं म्हणणं कठीण होतं. गंजाच्या पापुद्र्यांचा एक फुगलेला गड्डा होता, आणि केनने पापुद्रे ब्रशने झाडल्यावर मध्ये जे उरलं ते विणायच्या सुईएवढं. त्यावर तो अख्खा लोलक लोंबत होता.

मायकेलही वर चढून आला आणि त्याने वाकून बघितलं. "ओ डिअर," एवढंच म्हणाला.

"त्या गुरुवारी पडला असता?" खालून फिओनाने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणायचं होतं. इतके आठवडे मी त्या 'हो'साठीच जगले होते. पण मी खाली वाकून म्हटलं, "सांगता येत नाही. गुरुवारी पडला असता, किंवा आणखी दहा वर्षं राहिला असता."

"दहा वर्षं?"

"कुणालाच सांगता येणार नाही, फिओना."

तिने मान हलवली. मग ती त्या परांचीच्या खाली, जिथे गाद्या मांडल्या होत्या त्या जागेकडे बघत उभी राहिली. नंतर सगळ्यांसाठी चहा करायला गेली. माझ्या कपात तिने न विचारता साखर घातली होती. मी बिनसाखरेचा पिते, पण तो प्यायले.

ट्रस्टने पुढचं काम आम्हाला दिलं नाही. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. मायकेल म्हणाला, अशा वेळी बरोबर असल्याचं बक्षीस मागायचं नसतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती मेंढपाळी कुत्र्यांसारखी सिंहांची जोडी मला अजून बघायची होती. आणखी वाईट वाटतं ते सईच्या वर्गाचं. त्या मुलांपैकी बहुतेकांनी तो किल्ला नंतरही बघितला नसणार. मी त्यांना काय दिलं ते त्यांना कधी कळणार नाही, आणि काय हिरावलं ते मात्र त्या दिवशीच कळलं होतं.

लोलक पुन्हा टांगायचं काम तेवढं आमच्याकडे राहिलं. केनने तो उतरवून, पोकळ करून हलका केला. आम्ही गंज न चढणाऱ्या पोलादाची सळई बसवली. तीही एक नाही, दोन. एकटी कुठलीही एक ते ओझं सहज पेलेल अशी. टांगण्याआधी लोलकाच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या त्या सळयांना लावून ठेवल्या. जागचं काही हललं नाही.

टेकू काढायचा दिवस शाळेच्या ऑक्टोबरातल्या हाफ टर्मच्या सुट्टीत आला. सई आता सेकंडरीत गेली होती. माझ्यावरचा राग तिने सोडला नव्हता, नुसता बाजूला ठेवला होता. श्रीनिवासची ड्यूटी होती, घरी कुणी नव्हतं, म्हणून मी तिला बरोबर नेलं. फिओनाने तिला एक हेल्मेट दिलं. ते तिच्या कानांवर उतरत होतं.

"धिस इज द वन?" सईने दारातूनच वर बघत विचारलं.

"हाच."

"इट्स ह्यूज." एवढंच म्हणाली.

केनने एकेक टेकू सैल केला. शेवटचाही निघाला. लोलक होता तिथेच राहिला. केन परांचीवरून उतरला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आमच्यात पद्धत आहे. ज्याने हिशेब केला, त्याने खाली जाऊन उभं राहायचं."

तो गमतीने म्हणत होता की खरं, मला कळलं नाही. मी गेले. मधोमध उभी राहिले आणि वर पाहिलं. डाळिंबं, मासे, वेली, आणि माझ्या डोक्यावर तो पांढरा भार. आकडे मला पाठ होते. तरी मान आत ओढली जात होती.

मागे पावलं वाजली. सई माझ्याकडे निघाली होती.

"थांब! तिथेच थांब!" मी ओरडले. मराठीत, इतक्या जोराने, की केनच्या हातातला फडका पडला.

सई थांबली. फिओना माझ्याकडे बघत होती. सगळी आकडेमोड माझी, सही माझी, आणि मी माझ्याच मुलीला दाराशी रोखून धरलं होतं. ती हेल्मेट सावरत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. मग हात पुढे केला.

"ये," मी म्हटलं.

ती आली. आम्ही दोघी लोलकाखाली उभ्या राहिलो. ती मान मागे टाकून वर बघत राहिली, तोंड उघडं टाकून, लहान असताना बघायची तशी. तिने मासे मोजायला सुरुवात केली. मी वर बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"आई," थोड्या वेळाने ती वरून नजर न काढता म्हणाली, "हात सोड ना. दुखतंय."